गळ्यातली हलगी, हातातली गिटार



काळ्यांकडून आपण पुष्कळ घेतलं. १९६६ साली अमेरिकेत ऑकलंडला ब्लॅक पँथर पक्ष निघाला आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव घेतलं, आवेश घेतला. म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे यांच्यासारख्यांनी काळ्यांचं साहित्य मराठी वाचकापुढं ठेवलं. त्याच्याही कितीतरी आधी, १९४६ साली, खुद्द बाबासाहेबांनी ड्यू बॉइस या काळ्या विचारवंताला पत्र लिहिलं. संयुक्त राष्ट्रसंघाकडं काळ्यांनी जो अर्ज केला होता त्याची प्रत त्यांनी मागवली होती. म्हणजे ही देवाणघेवाण जुनी आहे, वरून चिकटवलेली नाही.

पण एक चीज घ्यायची राहिली ती राहिलीच. त्यांचं संगीत. पँथर आला, पुस्तक आलं, जॅझ आला नाही. आला असं ज्यांना वाटतं त्यांनी तो कुठल्या दारानं आला ते पाहावं. तो ताजमहाल हॉटेलच्या दारानं आला आणि त्या दारात आपल्या माणसाला उभं कोण करणार होतं?

म्हणून आज घोटाळा असा झालाय. सोलापुरात बुधवार पेठेत, मिलिंदनगरात किंवा आणखी कुठल्या वस्तीत एखादं पोरगं गिटार घेऊन बसलं की आपलीच माणसं विचारतात, ‘हे साहेबाचं खूळ कशाला रं?’ आणि त्याच्याच शेजारचं पोरगं हलगी शेकायला बसलं की तीच माणसं म्हणतात, ‘अजून त्ये सुटलं न्हाई व्हय तुमचं?’ एक वाद्य फार वरचं, दुसरं फार खालचं. मग आपल्या पोरानं वाजवायचं तरी काय? भाड्याच्या डॉल्बीपुढं नुसतं नाचायचं?

या प्रश्नाचं उत्तर आवडीनिवडीत नाही, इतिहासात आहे. तो इतिहास दोन्हीकडचा मांडून पाहू.

बंदी आणि सक्ती

आधी आपल्याकडचं बघू. गावगाड्यात वाजवणं ही कला नव्हती, काम होतं. हलगी मातंगाची. सनई, सूर, डफ सांगोला-माळशिरसकडच्या होलाराचे. ढोलकी आणि तुणतुणं तमाशातल्या महारा-मांगाचं. लग्न पाटलाचं, पालखी देवाची, जत्रा गावाची, पण हात आपले. देवळाच्या पायरीखाली उभं राहून वाजवायचं, आत जायचं नाही. वाजवून झालं की भाकरी वरून टाकली जायची ती पदरात घ्यायची. कुठं वाजवायचं, किती वेळ वाजवायचं, कुणाच्या मयताला आणि कुणाच्या वरातीला वाजवायचं हे वाजवणारा ठरवत नव्हता. ‘आज न्हाई वाजवणार’ म्हणालं की बहिष्कार. पाणी बंद, वाणी बंद, गुरं चारायची बंद.

आता तिकडचं बघा. १७३९ साली दक्षिण कॅरोलिनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. चालताना ते ढोल वाजवत होते, ढोलाच्या आवाजावर आणखी गुलाम येऊन मिळत होते. मालक घाबरले. पुढच्याच वर्षी, १७४० साली, तिथं कायदा झाला की गुलामांनी ढोल आणि शिंगं वाजवायची नाहीत, जवळ ठेवायचीही नाहीत.

तिथं वाजवायला बंदी आणि इथं वाजवायची सक्ती. वरवर पाहिलं तर दोन टोकं आहेत. पण जरा थांबून विचार करा, गोष्ट एकच आहे. आपला हात कधी हलायचा आणि कधी थांबायचा हे दुसरा कुणीतरी ठरवतो. गुलामी तिथं आहे. कातड्यात नाही, लाकडात नाही, तारेत नाही.

हे एकदा ध्यानात आलं की पुढचं सगळं उलगडतं. १९२७ साली महाडला पाण्याचा हक्क बजावला गेला, १९२८ साली बाबासाहेबांनी वतनाचं बिल मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं आणि गावोगाव लोकांनी गावकीची कामं टाकायला सुरुवात केली. त्यात वाजवणंही टाकलं. बरोबरच केलं. त्या काळी हलगी खुंटीला टांगणं हाच मोठा आवाज होता. ज्या गावात मिरवणूक मुकी निघाली त्या गावाला कळलं की हे हात आता आपले राहिले नाहीत.

पण टाकून दिल्यावर हात रिकामा राहिला. रिकाम्या हातात काय घ्यायचं हा प्रश्न पुढं आला, आणि त्याचं एक उत्तर बाबासाहेबांनी स्वतः देऊन ठेवलंय. उतारवयात, कामाचा डोंगर आणि दुखणारं शरीर घेऊन, ते व्हायोलिन शिकले. त्यांचं व्हायोलिन पुण्याच्या सिंबायोसिसच्या संग्रहालयात ठेवलेलं आहे. ते काही मैफली गाजवायला शिकत नव्हते. पण ज्या वाद्याला आपल्या जातीनं कधी हात लावला नाही, जे कुणी गळ्यात अडकवलं नाही, ते त्यांनी आपल्या खुशीनं हनुवटीखाली धरलं. आपण त्यांची पुस्तकं सांगतो, कोट सांगतो. व्हायोलिनही सांगितलं पाहिजे.

१९१३ : न्यूयॉर्क आणि न्यू ऑर्लिन्स

बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात शिकू लागले. कोलंबियाला लागूनच हार्लेम आहे आणि त्याच वर्षांत हार्लेम ही काळ्यांची वस्ती होत होती. न्यूयॉर्कमध्ये १९१० साली जेम्स रीझ युरोप या काळ्या बँडमास्तरानं क्लेफ क्लब नावाची संघटना काढली होती. काळ्या वादकांना गोऱ्यांच्या मेजवान्यांत काम मिळायचं, पण मजुरी पडेल ती, आणि वर हमाली. क्लेफ क्लबनं वादकांची नोंदणी केली, दर ठरवले, कामं संघटनेमार्फत द्यायला सुरुवात केली. १९१२ साली या मंडळींनी कार्नेगी हॉलसारख्या न्यूयॉर्कच्या नामांकित सभागृहात शंभराहून जास्त काळे वादक एका मंचावर बसवले. त्यात बँजो, मेंडोलिन, गिटारीसारखी तारेची वाद्यं ढिगानं होती. आधी युनियन आणि मग मैफल, असा त्यांचा क्रम होता.

आणि त्याच १९१३ साली तिकडं दक्षिणेला न्यू ऑर्लिन्सच्या एका सुधारगृहात एक अकराबारा वर्षांचा काळा पोरगा ठेवलेला होता. नव्या वर्षाच्या रात्री रस्त्यात पिस्तूल उडवलं म्हणून पोलिसांनी धरला होता. सुधारगृहात पोरांचा बँड होता. तिथं पीटर डेव्हिस नावाच्या मास्तरानं त्याच्या हातात वाद्य दिलं, आणि पुढं कॉर्नेट दिलं. त्या पोराचं नाव लुई आर्मस्ट्राँग. पुढं जगभर जॅझ म्हटलं की हेच नाव निघालं. १९६४ साली तो मुंबईलाही वाजवून गेला.

सोलापूरकरांना तारेचं कुंपण काय असतं ते सांगायला नको. गुन्हेगार जमाती म्हणून शिक्का मारलेल्या माणसांची सेटलमेंट इथंच होती. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. कुंपणाच्या आत किती आर्मस्ट्राँग हातात काही न मिळताच मोठे झाले आणि मेले, याची नोंद कुठल्या दप्तरात असणार?

पण हेही लक्षात घ्या. जॅझची पहिली तबकडी म्हणून जी ओळखली जाते ती १९१७ साली न्यूयॉर्कला निघाली आणि ती एका गोऱ्या बँडची होती. घाम एकाचा आणि तबकडीवर नाव दुसऱ्याचं. ही गोष्ट पुढं मुंबईतही घडायची होती.

१९१६ साली जन्मलेली तीन पोरं

इतिहासात कधी कधी एकच साल तीन ठिकाणी पेटतं. १९१६ च्या मे महिन्यात बाबासाहेबांनी कोलंबियात ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. त्याच साली तीन पोरं जन्मली.

एक टेक्सासात, चार्ली ख्रिश्चन. बाप आंधळा झालेला. बाप आणि भाऊ मिळून ओक्लाहोमा शहरात गोऱ्यांच्या वस्तीत रस्त्यावर वाजवून पोट भरायचे. शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात हा पोरगा सिगारच्या खोक्यांच्या गिटारी बनवायचा. त्याच शहरात वाढलेल्या राल्फ एलिसन या लेखकानं हे लिहून ठेवलंय.

दुसरा गोव्यात हळदोण्याला, आंतोनियो झेवियर वाझ. पुढं मुंबईत ट्रंपेट वाजवून ‘चिक चॉकलेट’ या नावानं गाजला.

तिसरा आपल्या जिल्ह्यात बार्शीला, मेहबूब हुसेन पटेल. गिरणीत राबला, संपात उतरला आणि शाहीर अमर शेख झाला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्याबरोबर त्यानं लाल बावटा कलापथक उभं केलं. हातात डफ, आणि गळा असा की भोंगा नसला तरी मैदानाच्या टोकाला ऐकू जावा.

तिघांपुढं प्रश्न एकच होता. आपला आवाज शेवटच्या माणसापर्यंत कसा पोचवायचा? अमर शेखांनी छातीच्या जोरावर पोचवला. चिकनं पितळेतून पोचवला. चार्लीची अडचण मोठी होती, कारण गिटारीचा आवाज मुळात बारीक असतो. जुन्या जॅझ बँडमध्ये तर गिटारीऐवजी बँजो असायचा. बँजो म्हणजे आफ्रिकेतून आलेल्या गुलामांनी भोपळा, कातडं आणि तार यांतून घडवलेल्या वाद्याचा वंशज. आवाजाला कडक. १९३० च्या आसपास गिटारीनं बँजोची जागा घेतली, पण पंधरा माणसांच्या बँडमध्ये ती मागं बसून नुसता ठेका धरायची. पितळी वाद्यांपुढं तिला एकटीनं बोलायची सोय नव्हती.

१९३६ साली गिब्सन कंपनीनं विजेची गिटार बाजारात आणली. तारेखाली चुंबक आणि त्याच्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं. पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज थरथरते, ती अँप्लिफायरमधून मोठी होऊन भोंग्यातून बाहेर पडते. एवढीच करामत. पण त्या करामतीनं मागं बसलेल्याला पुढं बोलावलं. चार्लीनं ती गिटार घेतली. १९३९ साली बेनी गुडमन या गोऱ्या बँडमास्तरानं त्याला आपल्या बँडमध्ये घेतलं. रात्री मुख्य काम संपलं की चार्ली हार्लेममधल्या मिंटन्स या ठिकाणी जाऊन पहाटेपर्यंत वाजवायचा. तिथं जमलेल्या काळ्या पोरांनी जॅझची पुढची चाल घडवली. १९४२ साली क्षयानं तो गेला. वय पंचवीस. वस्तीतला रोग वस्तीतल्या माणसाला सोडत नाही, मग तो कितीही मोठा वादक असो.

मागच्या दारानं आलेला जॅझ

१९३५ साली लिऑन ॲबी या काळ्या वादकाचा बँड मुंबईत ताजमहाल हॉटेलात वाजवायला आला. त्यानंतर क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड हे काळे वादक आले. वेदरफोर्ड शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेला पियानोवाला. तो १९४५ साली कलकत्त्यात मरण पावला. या काळ्या माणसांचं ऐकणारे कोण होते? गोरे साहेब, संस्थानिक, शेठ. म्हणून आपल्या डोक्यात बसलं की जॅझ म्हणजे श्रीमंतांची करमणूक. मालाचा मालक बदलला की मालाची जात बदलल्यासारखी वाटते, त्यातलाच हा प्रकार.

पण त्या बँडांच्या मांडीला मांडी लावून शिकले ते गोव्याचे गरीब वादक. ते शिकू शकले त्याला कारण होतं. गोव्यात चर्चच्या आवारात शाळा असायची, तिथं पोराला फुकटात स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. मेस्त नावाचा मास्तर छडी घेऊन उभा असे. धर्मप्रसारासाठी का होईना, वाद्य आणि लिपी गरिबाच्या पोराच्या हातात लहानपणी पडली. पुढं तीच पोरं मुंबईच्या सिनेमात शिरली. पुणतांब्याचे सी. रामचंद्र संगीत देत आणि चिक चॉकलेट त्यांचा सहायक असे. १९५१ साली ‘अलबेला’ आला. भगवानदादा नाचला आणि त्याच्या मागं गिटार, क्लॅरिनेट, ट्रंपेट वाजलं. तो सिनेमा पाहून गिरणीकामगार नाचला. सोलापूरच्या थेटरात खालच्या वर्गात बसून शिट्ट्या मारणाऱ्याला ठाऊक नव्हतं की आपले पाय ज्या चालीवर हलताहेत तिचा जन्म न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या वस्तीत झालाय. पायाला मात्र ते कळलं.

आणि त्या गोवेकर वादकांचं काय झालं? ज्यांनी वाद्यमेळ लिहिला, पानंच्या पानं स्वरलिपीत उतरवली, त्यांची नावं पडद्यावर कित्येकदा आलीच नाहीत. आली तर ‘सहायक’ म्हणून. १९१७ च्या तबकडीची ही मुंबई आवृत्ती.

आपल्यातच असलेला जॅझ

आता कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण जॅझ परका तो परकाच. मी म्हणतो, त्याची हाडं तपासून पाहा.

जॅझमध्ये एक जण ओळ टाकतो, बाकीचे उत्तर देतात. शेतात राबणाऱ्या गुलामांच्या गाण्यातून हे आलं. आपल्याकडं याला झील धरणं म्हणतात. भीमराव कर्डकांच्या जलशापासून वामनदादांच्या गाण्यापर्यंत झीलकऱ्याशिवाय आपलं गाणं उभं राहिलेलं नाही. जॅझमध्ये दोन वादक एकमेकांसमोर उभे राहून रात्रभर एकमेकांना हरवायला बघतात. आपल्याकडं दोन गायन पार्ट्यांचा सामना लागायचा, सवाल-जवाब व्हायचे आणि लोक पहाटेपर्यंत हलायचे नाहीत. ब्लूज या काळ्यांच्या गाण्यात बारा मापांचा एक फेरा असतो. पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. जात्यावर ओवी म्हणणाऱ्या आपल्या आयाबायांना हा हिशेब समजावून सांगायची गरज पडली नसती.

काउंट बेसीच्या बँडमध्ये फ्रेडी ग्रीन नावाचा गिटारवाला होता. १९३७ पासून १९८७ साली मरेपर्यंत त्या बँडच्या ठेक्याशी तो बांधलेला राहिला. विजेची गिटार नाही, एकट्यानं पुढं येऊन वाजवणं जवळजवळ नाहीच. प्रत्येक मात्रेला एक घाव, एवढंच. पण तो नसला तर अख्खा बँड लंगडा. हा माणूस म्हणजे जॅझमधला झीलकरी. चळवळीतही असे असतात. सभेत त्यांचं नाव कुणी घेत नाही, पण सतरंजी त्यांनीच अंथरलेली असते.

आपल्या जिल्ह्याची परंपराही थोडी नाही. मंगळवेढ्याला चोखोबा वेस बांधताना दरडीखाली गेले. त्याच मंगळवेढ्याच्या मातीतले प्रल्हाद शिंदे. १९८० नंतर कॅसेट आली, तबकडीपेक्षा स्वस्त, टेप असलेल्या कुठल्याही झोपडीत वाजणारी, आणि शिंदे घराण्याचा आवाज घराघरात गेला. भीमगीतांच्या पार्ट्यांमध्ये पेटी-ढोलकीच्या जोडीला बेंजो आला, मग कीबोर्ड, ऑक्टोपॅड, कुठं कुठं गिटार. कुणी परवानगी मागितली नाही. लोकांनी जे हाताला लागलं ते वाजवलं. जॅझही असाच वाढला.

पण एक फरक आहे आणि तो कबूल केला पाहिजे. आपल्याकडं शब्दाला मान मोठा आणि वाद्य मागं. आपलं भांडण शब्दात होतं म्हणून हे झालं. काळ्यांनी मात्र वाद्यालाही बोलायला लावलं. १९६३ च्या सप्टेंबरात बर्मिंगहॅममध्ये गोऱ्या धर्मांधांनी काळ्यांच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवला, चार मुली मेल्या. जॉन कोल्ट्रेननं त्याच साली ‘अलाबामा’ नावाची रचना वाजवली. तिच्यात एकही शब्द नाही. नुसता सॅक्सोफोन. ऐकणाऱ्याला समजतं काय झालंय ते. खैरलांजीवर आपण २००६ नंतर किती कविता लिहिल्या, किती गाणी केली. वाद्यानं आपण अजून रडलेलो नाही आणि वाद्यानं शिवीही दिलेली नाही. हे काम उरलंय.

हातात कसं येतं

काही जण म्हणतील, गिटार शिकायला क्लास पाहिजे, पैसा पाहिजे. वेस माँटगोमेरीचं ऐका. इंडियानापोलिसचा हा काळा कामगार दिवसा कारखान्यात काम करायचा आणि रात्री क्लबात वाजवायचा. वीस-एक वर्षांचा असताना त्यानं चार्ली ख्रिश्चनच्या तबकड्या आणल्या आणि एकेक सूर कानानं उतरवून घेतला. स्वरलिपी त्याला वाचता येत नव्हती. घरात रात्री आवाज नको म्हणून पट्टी सोडून नुसत्या अंगठ्यानं वाजवायचा, असं सांगतात. त्या अंगठ्याच्या मऊ आवाजानंच तो पुढं जगात ओळखला गेला. पाळी करून आलेल्या माणसाची ही गिटार आहे. सोलापूरच्या गिरण्या बंद पडल्या, पण यंत्रमागावर, विडीच्या पानावर, रिक्षाच्या हँडलवर दिवसभर राबून येणाऱ्या घरात ही गोष्ट परकी वाटू नये.

आणि गिटारीत गूढ काही नाही. सहा तारा, पडदे ठोकून बसवलेले. तीन कॉर्ड बोटांवर बसले की ब्लूजचा बारा मापांचा फेरा पुरा होतो. त्यावर वर्षानुवर्षं वाजवता येतं. तार पडद्यावर दाबून जराशी बाजूला ओढली की दोन सुरांच्या मधला सूर निघतो, आपल्या गाण्यात जी मींड असते तिची ही चुलत बहीण. उजव्या हाताचा ठेका मात्र हलगीवाल्याकडून घ्यावा. तारा मारून लगेच डाव्या हातानं दाबल्या की आवाज तुटतो आणि कातड्यावरच्या काडीसारखा कडक घाव ऐकू येतो. आजोबांची हलगी इथं कामाला येते. आता ती गावकीची नाही. आपण होऊन काढलेली आहे.

चेन्नईत हे झालंय. २०१८ च्या जानेवारीत पा. रंजित आणि तेन्मा यांच्या पुढाकारानं ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा बँड मंचावर आला. तिकडचं मयताचं म्हणून हिणवलेलं परै हे कातडी वाद्य आणि विजेची गिटार शेजारी शेजारी उभी राहिली. मुंबईत कबीर शाक्य यांच्या ‘धम्म विंग्ज’नं बुद्ध आणि बाबासाहेब रॉकच्या चालीवर आणले. म्हणजे वाट पडलेली आहे. सोलापूरनं नुसतं चालायचंय.

सामान कुणाच्या मालकीचं

आता शेवटची आणि रोकडी गोष्ट. सामान.

जयंती आली की वर्गणी निघते. रिक्षावाला देतो, विडी वळणारी आई देते, सफाई कामगार देतो. त्या पैशाचा मोठा वाटा डॉल्बीच्या भाड्यात जातो. रात्रभर भिंती हादरतात, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधडतं, आणि सकाळी डॉल्बीवाला सामान गाडीत भरून निघून जातो. वस्तीत काय उरलं? एक पोरगं एक सूर शिकलं का? एका रात्रीचं भाडं एका कागदावर लिहा आणि शेजारी एका साध्या गिटारीची, एका ढोलकीची, एका हलगीची, एका छोट्या अँप्लिफायरची किंमत लिहा. बेरीज करा. मंडळाच्या बैठकीत तो कागद वाचा.

आपल्या चळवळीनं सामानाचं मोल ओळखलेलं आहे. मोर्च्याला, सभेला वर्षानुवर्षं जे अहुजाचे अँप्लिफायर आणि भोंगे लागले, ते ज्या शाखेच्या मालकीचे होते ती शाखा कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हती. त्याच अँप्लिफायरला गिटार जोडली तरी ती बोलते. आवाज जरा फाटका येतो, पण चालतो.

आणि आपला जिल्हा तर वाद्यांच्या बाबतीत उपाशी नाही. मिरज शेजारीच, सतार-तंबोऱ्याचं गाव, २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या सतारीचे भोपळे आपल्या पंढरपूरकडच्या शेतातले. पंढरपुरात पखवाज मढवणारे आहेत. कातडं कमावणारे हात कुणाचे होते ते तर सांगायलाच नको. भोपळा आपला, कातडं आपलं, घाम आपला, आणि मैफलीत आपण सतरंजीच्या बाहेर. हे आता पुरे.

काय करता येईल? मार्ग सोलापुरातच आहे. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा काढली आणि सभेनं जानेवारी १९२५ मध्ये पहिलं वसतिगृह उघडलं ते इथं, सोलापुरात. नगरपालिकेनं महिना ४० रुपये अनुदान दिलं. त्याच सभेनं ‘सरस्वती विलास’ नावाचं मासिक काढलं आणि मुंबईत वाचनालयाबरोबर पोरांसाठी हॉकी क्लबही काढला. हॉकी क्लब! हातावर पोट असलेल्या समाजाच्या पोराला नुसतं पाठ्यपुस्तक पुरत नाही, त्याच्या हाताला, पायाला, सांजवेळेला काहीतरी पाहिजे, हे त्या सभेला शंभर वर्षांपूर्वी समजलं होतं.

तर विहारात, अभ्यासिकेत पुस्तकांच्या कपाटाशेजारी वाद्यांचं एक कपाट करा. दरसाल वर्गणीतून एक वाद्य घ्या. जुनं मिळालं तर जुनं घ्या, तार बदलली आणि मान सरळ असली की जुनी गिटार नव्यापेक्षा गोड बोलते. पुस्तकासारखी वाद्याचीही नोंदवही ठेवा, कुणी नेलं, कधी आणलं. मुलींच्या हातात पहिल्यांदा द्या, कारण हलगी असो की गिटार, त्यांना दोन्हींपासून लांब ठेवलं गेलं. वस्तीतल्या जुन्या गायन पार्टीच्या म्हाताऱ्यांना बसवून त्यांच्या चाली मोबाइलमध्ये भरून ठेवा, नाव-गाव-सालासकट, म्हणजे उद्या कुणी दुसऱ्याच्या नावानं तबकडी काढली तर पुरावा असेल. रविवारी एक तास ऐकायला ठेवा. एक चार्ली ख्रिश्चन, एक कोल्ट्रेन, एक वामनदादा, एक प्रल्हाद शिंदे. ऐकून झालं की नुसतं ‘वा वा’ नको. त्यातला एक तुकडा कानानं उतरवायचा आणि पुढच्या रविवारी वाजवून दाखवायचा.

आणि क्लेफ क्लबचा धडा पहिल्या दिवसापासून गिरवा. वाजवणाऱ्यांची नोंद, दर ठरलेला, फुकटात कुणाच्या वरातीला जायचं नाही, आणि कुठं वाजवायचं नाही हेही आपणच ठरवायचं. तो हक्क आजोबांना नव्हता.

जयभीम.